पेरुंगुडीच्या मुंग्या आणि माझा घनसाळ

चेन्नईहून परत आल्यावर गल्लीतला पहिला प्रश्न, "समुद्र बघितला का?" दुसरा, "साडी कसली आणली?" समुद्र रिक्षातून लांबून दिसला. साडी आणली नाही. गडहिंग्लजहून एवढ्या लांब जाऊन मी काय बघितलं म्हणाल, तर एका बिल्डिंगच्या फाटकाबाहेरची मातीची पट्टी. रुंदीला दोन-तीन हात, लांबीला आमच्या शाळेच्या व्हरांड्याएवढी. ती पट्टी आता नाही. तिथं शेवटच्या दिवसांत माझ्या हातून जे झालं ते कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

कावेरी आणि मी कोल्हापुरात चित्रकलेच्या डिप्लोम्याला एका बाकावर होतो. तिचं घराणं तंजावरकडचं मराठी, पिढ्यान् पिढ्या तिकडंच रुजलेलं. वडील रेल्वेत होते आणि तेव्हा त्यांची बदली मिरजेला झालेली. तिची मराठी ऐकून पोरी खुसूखुसू हसायच्या. शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे आणि त्याला मद्राशी हेल. ती 'आहे'ला 'अहे' म्हणायची, 'नको'ला 'नक्को', आणि मला विजया न म्हणता 'विजी'. अजून तेच म्हणते. डिप्लोमा झाल्यावर मी हायस्कुलात चिकटले आणि आयुष्यभर पोरांकडून कळशी, वांगी आणि केळी काढून घेतली. ती मद्रासला गेली आणि खरीखुरी चित्रकार झाली.

खरीखुरी म्हणजे कशी, हे सांगताना माझी पंचाईत होते. ती कॅनव्हास रंगवत नाही. दर शुक्रवारी सकाळी ती पेरुंगुडीला एकाच जागी तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची. काढून झालं की एक फोटो. दुपारी चारला दुसरा. मधल्या वेळात मुंग्यांनी किती खाल्लं ते त्या दोन फोटोंत दिसायचं. अकरा वर्षं तिनं हे केलं. मी आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "आणि याला कला म्हणतात?" मीही हसले होते. खोटं कशाला बोलू?

डिसेंबरात तिचा फोन आला. "विजी, माझा उजवा हात थरथरतोय. डॉक्टर कंपवात म्हणतात. चिमटीतून रेघ सुटत नै. आणि आता एकच शुक्रवार ऱ्हायला अहे. तू तुझा हात घेऊन ये."

एकच शुक्रवार का, हे मी विचारलं नाही. हाताचं ऐकूनच तिकीट काढलं. पिशवी भरली. पिशवीत काय न्यावं हा आपल्याकडं मोठाच प्रश्न. मी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाच किलो घेतला, वर्षाचा डबा नुकताच भरला होता त्यातला. आमच्या डब्यातल्या तांदळाला आजवर पोरकिडा शिवलेला नाही, हा माझा गल्लीतला नावलौकिक आहे. पोरीबाळी विचारायला येतात, काकू, तुमचा तांदूळ वर्षभर असा कसा राहतो म्हणून.

वेस्ट मांबलम

गाडीचं वर्णन करत नाही. अंग आंबून गेलं, एवढं पुरे. स्टेशनावरून रिक्षावाल्याशी मी हिंदी बोलले, तो तमिळ बोलला, दोघंही आपापल्या जागी ठाम. शेवटी त्यानं मला वेस्ट मांबलमच्या भलत्याच गल्लीत उतरवलं आणि बॅग ओढत मी कावेरीचं घर शोधत हिंडले. पण ती चूक मला पावली. मार्गळी महिना होता, आपला मार्गशीर्ष म्हणा, आणि त्या गल्लीत एकेका दारापुढं अशी कोलमं होती की मी बॅग खाली ठेवून बघतच राहिले. रस्ताभर बायका कमरेत वाकून काढत होत्या, एकही खाली बसलेली नव्हती. आपण उकिडवं बसून काढतो. या वयात कुणाचे गुडघे वाचत असतील ते मला लगेच कळलं.

कावेरीच्या दारात मात्र काहीच नव्हतं. नुसता सडा.

ती दार उघडून उभी राहिली. केस सगळे पांढरे, गजरा मात्र होता. उजवा हात तिनं पदराखाली धरला होता. मी मिठी मारली तेव्हा तो माझ्या पाठीवर थरथरत होता.

जेवायला केळीचं पान, रसवांगी म्हणजे वांग्याची आमटी, आणि डांगर पच्चडी. मी म्हटलं, "अगं, डांगर? हे तर आमचं!" उडदाच्या भाजलेल्या पिठाचं, दह्यात कालवलेलं, वर फोडणी. आमच्याकडं कांदा जास्त असतो आणि ठसका लागेल एवढं तिखट, एवढाच फरक. कावेरी म्हणाली, "तुमचं कायला? आम्ही तिकडून निघालो तेव्हा डबा बांधून आणला. तुम्ही मागनं तिखट घालून बिघडवला." मी पोट धरून हसले. कॉफी मात्र त्यांच्यासारखी पेला ओठांना न लावता वरून प्यायला गेले आणि अर्धी पोलक्यावर सांडली.

जेवण झाल्यावर तिनं एकाच शुक्रवाराचं सांगितलं.

लहान असताना, वडील मद्रासला नोकरीत होते तेव्हा, ते तिला रविवारी सायकलच्या दांडीवर बसवून पेरुंगुडीला न्यायचे. तेव्हा तिथं नजर पोचेल तिथवर पाणथळ होती, लव्हाळी आणि पक्षी. वडील तमिळमध्ये पक्ष्याचं नाव सांगायचे आणि ती ते मराठीत काय म्हणायचं ते विचारायची, आणि बहुतेक वेळा त्यांना माहीत नसायचं. आता त्या पाणथळीच्या एका अंगाला कचऱ्याचा डोंगर आहे आणि दुसऱ्या अंगाला ऑफिसं आणि बिल्डिंगा. त्यातल्याच एका बिल्डिंगीत तळमजल्यावर तिची मुलगी मैथिली राहते. मैथिलीच्या फाटकाबाहेर, भिंतीलगत, एक ताडाचं झाड आणि उघड्या मातीची ती पट्टी उरली होती. बाकी सगळं झाकलेलं.

"पण मुंग्याच का?" मी विचारलं. "पक्ष्यांचे फोटो काढायचेस."

"पक्षी गेले ते सगळ्यांना दिसलं, विजी. पेपरात आलं. मुंग्या गेल्या तर कोण बघणार?"

तिची आई रोज पहाटे दारात कोलम काढायची आणि म्हणायची, दारात आलेला कुठलाच जीव उपाशी जाऊ नये, मुंगीसुद्धा. त्यातूनच तिला हे सुचलं. पहिल्या वर्षीच्या फोटोंत दुपारी चारला जमिनीवर काही उरलेलं नाही. मग वर्षागणिक उरत गेलं. आधी कडा, मग पाकळ्या, मग अर्धं. अर्धं उरलेलं कोलम बघायला सुंदर दिसतं, आणि तेच तर वाईट, असं ती म्हणाली.

आणि सोमवारी त्या पट्टीवर सिमेंटचे ब्लॉक बसणार होते. बिल्डिंगच्या सोसायटीनं ठरवलेलं. कमिटीत मैथिलीही होती आणि तिनंही हात वर केला होता. गेल्या पावसाळ्यात त्याच चिखलात घसरून कावेरीचं मनगट मोडलं होतं. पोरीनं आईसाठीच ब्लॉक मागितले होते.

"भांडली नाहीस तिच्याशी?"

"काय भांडू? माझाच हात मोडलेला अहे."

पीठ

गुरुवारी तिनं कोलमसाठी काढून ठेवलेला तांदूळ दाखवला. रेशनचा, तुकडा.

"रेशनचा?" मी म्हटलं. माझा स्वभावच असा, दुसऱ्याच्या घरी गेलं की पडदे सरळ करायचे. "अगं, शेवटचं जेवण वाढायचं आणि रेशनचा तांदूळ?"

"मुंगीला काय कळतंय? अकरा वर्षं हाच खाल्ला त्यांनी."

"कळू दे तर खरं. घनसाळ आहे, वास बघ. गडहिंग्लजच्या बाईनं वाढलंय हे त्यांना कळलं पाहिजे."

तिनं ओंजळ नाकाशी नेली. हात थरथरल्यानं चार दाणे खाली पडले. ती हसली आणि म्हणाली, "सरी, बरं. शेवटचं जेवण तुझ्या हातचं."

भिजवायचं नव्हतं, धुवायचं नव्हतं, कोरडंच दळायचं. दोन किलो मी मिक्सरमधून काढला आणि तिच्या जुन्या मलमलीतून वस्त्रगाळ केला. दुधासारखं पांढरं पीठ. चिमटीतून असं सुटायचं की मी स्वतःवरच खूश. कावेरी स्टुलावर बसून मला वळणं शिकवत होती. आपण ठिपके काढतो आणि रेघेनं जोडतो. ते ठिपक्याला हात लावत नाहीत. रेघ ठिपक्याला वळसा घालून पुढं जाते आणि न तुटता निघाली तिथं परत येते. मी तीनदा सवयीनं ठिपक्यावरून रेघ नेली.

"तुम्ही लोक ठिपका दिसला की चिरडताच," ती म्हणाली.

"बरं बाई, चुकलं," म्हणून मी फरशी पुसली आणि परत सुरुवात केली.

शुक्रवार, पेरुंगुडी

पहाटे टॅक्सीनं निघालो. एका वळणावर कचऱ्याच्या डोंगराचा वास गाडीत शिरला. कावेरीनं काच वर केली नाही. तिला त्याची सवय असावी किंवा तिनं ती मुद्दाम लावून घेतली असावी.

मैथिली फाटकात कॉफी घेऊन उभी होती, ऑफिसचं कार्ड गळ्यात. पोरगी गोड. मराठी समजतं, बोलताना अडखळते. "मावशी, केअरफुल, वळ्ळं अहे," म्हणाली. ओलं म्हणायचं होतं. आईकडं तिनं सरळ बघितलं नाही.

ताडापासून लांब, पट्टीच्या मधोमध मी कमरेत वाकले आणि कावेरी सांगेल तसं काढत गेले. पंधरा ठिपक्यांचं. तास-सव्वातास लागला. पाठीचा काटा ढिला झाला, पण रेघ एकदाही तुटली नाही. पूर्ण झालं तेव्हा फिरायला निघालेली माणसं थांबून बघत होती. मला वाटलं, आयुष्यात एक काम झालं बरं का आपल्या हातून. कावेरीनं डाव्या हातानं फोटो घेतला.

दुपारी चारला आलो तेव्हा कोलम जसंच्या तसं होतं.

नुसतं जसंच्या तसं नव्हे, एक पाकळी हललेली नव्हती. एका वळणाशी चार-पाच मुंग्या आडव्या पडलेल्या मला दिसल्या, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. मला तेव्हा फक्त कावेरीचा चेहरा दिसत होता.  ती ताडाच्या बुंध्याला टेकली.

"संपलं, विजी," ती म्हणाली. "ब्लॉक यायच्या आधीच संपलं होतं. आपणच उशिरा आलो."

मी तिचा हात धरला. ती रडली नाही. उलट तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मला वाटलं. परतताना टॅक्सीत ती शांत झोपली, आणि घरी आल्यावर मैथिलीला फोन करून म्हणाली, "कन्ना, बाळा, तू काही वाईट केलं नैस. तिथं आधीच काही नव्हतं." पलीकडं पोरगी रडत होती ते मला इथवर ऐकू येत होतं.

शनिवार

कावेरीच्या या फोटोंचं प्रदर्शन थोड्याच दिवसांत एका जुन्या छापखान्याच्या हॉलमध्ये उघडणार होतं. दिवसभर आम्ही फोटो लावले. वरच्या ओळीत सकाळचे, खालच्या ओळीत दुपारचे. मी खिळ्याला दोरी लावून लेव्हल बघत होते, शाळेच्या प्रदर्शनात बघते तशी. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं की खालच्या ओळीतली मोकळी माती हळूहळू पांढरी होत जाते. मी दोनदा चालले. तिसऱ्यांदा चालवेना. याला मी हसले होते याची लाज वाटली.

शेवटची चौकट रिकामी होती. तिथं शुक्रवारचे दोन फोटो लागायचे होते, दोन्ही एकसारखे. कावेरीनं खाली लावायची कागदाची पट्टी तमिळमध्ये आणि मराठीत लिहून घेतली. तिचं अक्षर आता वळत नाही, म्हणून मराठीतली मी लिहिली: 'कोणी आलं नाही.'

माझ्या वळणदार अक्षरात. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

रविवार

रविवारी मैथिली जेवायला आली. दोन दिवसांपूर्वी एकमेकींची नजर चुकवणाऱ्या मायलेकी आता एकीच्या खांद्यावर दुसरीचं डोकं, अशा बसलेल्या. मी म्हटलं, आज माझ्या घनसाळचा भात. मैथिली उठली आणि तांदूळ धुवायला घेतला. एकदाच पाणी घालून तिनं ओतलं, आणि मी कांदा चिरता चिरता, आयुष्यभर सुनांना आणि भाच्यांना सांगत आले तसं, बोलून गेले:

"चांगला चार पाण्यांनी धू गं. बोरिक पावडर लावलेली आहे त्याला."

आणि सुरी तशीच थांबली.

आपल्याकडं घरोघरी करतात. वर्षाचा तांदूळ भरताना बोरिक पावडर चोळायची, की पोरकिडा, मुंगी, काही फिरकत नाही. रांधताना चोळून धुवायचा. इतकं सवयीचं की ते मनात येतच नाही. आणि तो तांदूळ मी धुतला नव्हता. धुवायचा नसतोच, कोरडा दळायचा असतो. माझ्या नावलौकिकाचा तांदूळ, मलमलीतून गाळून, स्वतःच्या हातानं त्या मुंग्यांपुढं वाढून आले होते. त्या आडव्या पडलेल्या चार-पाच मुंग्या माझ्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या.

खरं सांगते, मी गप्प बसायचा विचार केला. मैथिली चार पाण्यांनी तांदूळ धूत होती, तिला काही उमगलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत कावेरी गुणगुणत होती. शुक्रवारपासून तिला शांत झोप लागत होती, लेक परत मिळाली होती, प्रदर्शनाला शेवट मिळाला होता. उद्या ब्लॉक बसणार. मी तोंड उघडून कुणाचं भलं होणार होतं? जागा मेलेली आहे म्हणून ती निवांत होती. ते निवांतपण मी कशाला मोडू?

पण फोटोखालची ती पट्टी माझ्या अक्षरात होती. कोणी आलं नाही. आल्या होत्या, आणि मी विष वाढलं होतं.

मी हात पुसून बाहेर गेले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. रडतच सांगितलं असणार, कारण मैथिली धावत आली. कावेरी ऐकून घेत होती. तिचा हात मांडीवर थरथरत होता, दुसऱ्या हातानं तिनं तो दाबून धरला.

"म्हणजे मुंग्या अजून असतील," ती म्हणाली.

मला वाटलं ती मला बोलेल. बोलायला हवं होतं. ती उठली आणि रेशनच्या तांदळाचा डबा खाली काढू लागली.

सोमवार

सहाच्या आत पेरुंगुडी. आधी मी माझं कोलम झाडूनपुसून सुपलीत भरलं, माती खरवडून पिशवीत घेतली आणि पिशवीला गाठ मारली. मग ताडाच्या बाजूला, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, सडा घातला. मी पिठाची वाटी घेऊन वाकणार, तर कावेरी म्हणाली, "नक्को. दे इकडं."

"अगं, हात..."

"दे, म्हटलं ना."

लहानसंच काढलं तिनं, सात ठिपक्यांचं. रेघ जागोजागी तुटत होती, कुठं पिठाचा ढीग पडत होता, वळण ठिपक्यावर चढत होतं. एरवी माझ्यातली बाई म्हणाली असती, पुसून नीट काढ. मैथिली आईच्या कोपराला आधार देऊन उभी होती. ऑफिसला तिनं कळवून टाकलं होतं.

ऊन पट्टीवर यायला आठ वाजले. आम्ही तिघी भिंतीवर बसलो होतो.  मी मनातल्या मनात कुणाकुणाला नवस बोलले, आणि काय मागत होते ते मलाच कळत नव्हतं. येऊ देत, की नको?

आधी एक आली. ताडाच्या बुंध्यातून. पिठाला टेकली, फिरली, परत गेली.  मग तीच की दुसरी कोण जाणे, पण मागं ओळ घेऊन आली. अर्ध्या तासात बुंध्यापासून कोलमपर्यंत एक बारीक काळी रेघ वाहू लागली, न तुटणारी. कावेरीनं डोक्याला हात लावला आणि मोठ्यानं रडायला लागली. तीन दिवस जे आलं नव्हतं ते सगळं आलं.  मैथिली नुसतीच, "अम्मा, अम्मा," करत राहिली.

"शुक्रवारी सोपं होतं, विजी," कावेरी मला म्हणाली. एवढंच म्हणाली.

नऊला टेम्पो आला. मिस्त्री आणि सहा-सात माणसं, त्यात सेल्वी नावाची एक बाई, डोक्यावर चुंबळ. मिस्त्रीनं हातानं खूण केली, बाजूला व्हा. मैथिली त्याच्याशी बोलायला गेली. आजचा दिवस थांबा म्हणाली असावी. त्यानं कागद दाखवला. कागदावर मैथिलीचीच सही.

सेल्वी घमेलं घेऊन ताडाजवळ आली आणि थबकली. खाली बघितलं. मग घमेलं उतरवून मिस्त्रीला काहीतरी ठणकावलं. कावेरीनं डोळे पुसत मला सांगितलं, "ती म्हणते, मुंग्या जेवतायत. जेवणारं माणूस उठवायचं नसतं."

भरल्या पानावरून कुणाला उठवू नये, असं आमच्याकडंही म्हणतात. मी ते मराठीतच सेल्वीला म्हटलं. तिला काय कळणार? पण तिनं मान हलवली.

मिस्त्री वाईट माणूस नव्हता. त्यानं काम दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. माती ओढली, खडी पसरली, ठोकली, त्यावर ब्लॉक. ठोक ठोक आवाज आमच्याकडं येत राहिला. सेल्वी प्रत्येक खेपेला कोलमपाशी वाकून बघायची आणि हातानं सांगायची, अजून आहे. मुंग्या थांबल्या नाहीत, आणि माणसंही थांबली नाहीत. साडेअकराला शेवटचे चार ब्लॉक उरले तेव्हा सात ठिपक्यांतले तीन शिल्लक होते.

मिस्त्री कावेरीकडं बघत उभा राहिला. सगळेच उभे राहिले. मी म्हणणार होते, एक तास थांबा हो. कावेरीनं माझा हात दाबला. मग ती वाकली, थरथरत्या हातानं राहिलेलं पीठ मुंग्यांसकट ओंजळीत भरलं आणि ताडाच्या मुळाशी, जिथं ब्लॉक पोचणार नव्हते तिथं सोडलं. वितभर जागा. निम्मं पीठ वाटेतच सांडलं. तिनं शेवटचा फोटो काढलाच नाही.

"पोदुम," ती मिस्त्रीला म्हणाली. पुरे.

गडहिंग्लज

मी निघायच्या आदल्या दिवशी प्रदर्शन उघडलं. कावेरीनं शुक्रवारचे दोन फोटो शेवटच्या चौकटीतून काढले नाहीत. मी लिहिलेली पट्टी मात्र काढली आणि तिथं काहीच लिहिलं नाही. सोमवारचा सकाळचा फोटो शेजारी लावला, तुटक्या रेघांचा, आणि त्याच्याखाली दुपारची जागा मोकळी ठेवली. लोक विचारत होते, हा फोटो पडला का. ती सगळ्यांना एकच सांगत होती, नाही, काढला नाही.

निरोप घेताना मी परत माफी मागितली. ती म्हणाली, "तू सांगितलंस की नै? आता गप ऱ्हा." आणि डब्यात डांगराचं पीठ बांधून दिलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. वर्षाचा डबा तसाच आहे. भातासाठी तांदूळ काढते, चार पाण्यांनी धुते, पाचवंही घालते. काढताना बोटांना ती पांढरी भुकटी लागते, पूर्वी ती कधी जाणवली नव्हती.

परवा मैथिलीचा मेसेज आला. मराठीत, कष्टानं लिहिलेला. आईचा हात तसाच आहे, गोळ्या चालू आहेत. मग खाली: 'मावशी, ब्लॉक टाकल्यापासून माझ्या किचनमध्ये खूप मुंग्या. फरशीच्या फटीतून वर येतात. डब्यात, साखरेत, सगळीकडे. तुम्ही तांदळाला लावता त्या पावडरचं नाव काय?'

पोरीचं काय चुकलं? स्वयंपाकघरात मुंग्या झाल्या तर मीही हेच विचारलं असतं. गल्लीतल्या किती जणींना मी न विचारता सांगितलंय. नाव ठाऊक आहे, किती घ्यायची ते ठाऊक आहे, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. चार दिवस झाले, फोन हातात घेते आणि परत ठेवते.